बोटभर चित्राचे इमान

दिवाळीत कुणाच्या घरी फराळाला गेले, की आत पाऊल टाकण्यापूर्वी आपण दोन गोष्टी पाहतो. एक वर टांगलेला आकाशकंदील आणि दुसरी खाली काढलेली रांगोळी. रांगोळीवरून आतल्या चकलीची परीक्षा करू नये, असे सगळेच म्हणतात. आणि करतातही सगळेच. रांगोळी फिसकटलेली असली आणि चकली मऊ निघाली, तर आपण मनात म्हणतो, 'वाटलेच होते!' चकली खुसखुशीत निघाली, तर मात्र रांगोळीची आठवणही काढीत नाही. दर्शनी भाग आणि आतला ऐवज यांचे नाते असे फार जुने आहे, आणि ते कधीच सरळ नव्हते.

हा जुनाच प्रश्न यंदा एक नवा वेष घालून माझ्यापुढे आला. आंबेगाव तालुक्यातल्या एका वस्तीवरचा माझा एक जुना विद्यार्थी संगणकावरचे खेळ तयार करतो. पाठीशी कंपनी नाही, गाठीशी भांडवल नाही. दिवसा नोकरी आणि रात्री हे वेड. अशा एकट्यादुकट्याने किंवा चार जणांच्या चमूने केलेल्या खेळाला त्या व्यवसायात 'इंडी' म्हणतात. असा खेळ पूर्ण झाला, की तो 'स्टीम'सारख्या एखाद्या ऑनलाइन दुकानात मांडावयाचा. दुकान जगभराचे, फळ्या अगणित. २०२४ या एका वर्षात त्या एकट्या दुकानात १८,०००हून अधिक नवे खेळ आले. या गर्दीत गिऱ्हाइकाच्या नजरेस प्रथम काय पडते? खेळ नव्हे, खेळाचे वर्णन नव्हे, कर्त्याचे नावही नव्हे. पडते ते एक बोटभर चित्र. त्याला 'थंबनेल' म्हणतात, म्हणजे अंगठ्याचे नख. स्टीमवाले त्याला 'कॅप्सूल' म्हणतात. दुकानाच्या याद्यांत हे चित्र आधीच लहान, तर काही ठिकाणी आणखी लहान होऊन १२० बाय ४५ ठिपक्यांचे दिसते. दोन वर्षांच्या जागरणाचे भवितव्य त्या नखाएवढ्या जागेत ठरावयाचे!

मुलाचा खेळ मोठा गोड आहे. एक मुलगी रात्री उसातल्या वाटेने बापाचा डबा घेऊन निघाली आहे. शेतीची वीज रात्रीची, म्हणून बाप दारे धरायला गेलेला. मुलीच्या हातात बॅटरी. तिचा उजेड हळूहळू मंदावतो. उसात काही तरी सळसळते. तिने मोठ्याने गाणे म्हणत चालायचे, कुठे थांबायचे, कुठे वाट सोडायची नाही, हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे. बिबट्या संपूर्ण खेळात एकदाच दिसतो. बांधावरून आपली दोन पिले घेऊन तो, म्हणजे ती, शांतपणे पलीकडे जाते. मारामारी नाही, रक्त नाही. आहे ती भीती, आणि भीतीच्या पलीकडे गेल्यावर येणारा एक प्रकारचा आदर.

चित्र मात्र त्याने काढले होते ते असे: वासलेला जबडा, लाल डोळे, सुळ्यावरून ओघळणारे रक्त, आणि खाली कोपऱ्यात पडलेली मुलगी. चित्र उत्तम उतरले होते. "मित्रांना चार चित्रं दाखवली सर," तो म्हणाला, "सगळ्यांनी हेच उचललं. दुसऱ्या चित्रांवर कुणाची नजर ठरत नाही. आणि चित्रच बघितलं नाही, तर खेळ कोण बघणार?"

या प्रश्नाला 'खोटे बोलू नये' असे सुविचाराच्या फळ्यावरचे उत्तर देऊन भागण्यासारखे नव्हते. मी मास्तर आहे. त्या फळ्यावर काय काय लिहिले जाते आणि त्याखाली बसून काय काय केले जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा प्रश्न जरा सावकाश पाहू.

मला वाटते, आमच्या जुन्नर तालुक्यातल्या लोकांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्र लागला, गावोगावच्या जत्रा-यात्रांचे दिवस आले, की येथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. तमाशा तेथे कुणी पाहत नाही; तेथे फक्त ठरवतात. समोर असतो तो राहुटीबाहेरचा फलक. त्यावर फडाचे नाव, कलावंतांच्या छब्या, तारखा. दोन-तीन राहुट्यांपुढून पंचमंडळी रेंगाळत जातात, एका राहुटीत शिरतात, आणि गावाची वर्गणी एका नावावर लागते. जगभराच्या त्या दुकानात जे घडते, ते नारायणगावात कित्येक वर्षे घडते आहे. फरक इतकाच, की येथे आत गेल्यावर चहा मिळतो.

त्या फलकावरची सर्वांत ठसठशीत गोष्ट कोणती असते? चित्र नव्हे, नाव. आणि नावाच्या शेवटी गाव. नारायणगावकर, सातारकर, करवडीकर, नगरकर. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यात विठाबाई झाल्या. १९५७ आणि १९९० या दोन्ही साली त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. २००२ साली त्या गेल्या. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे करवडीकर यांनी पुढे स्वतःच्या नावाचा फड चालवला. फलकावर 'विठाबाई' ही अक्षरे असणे म्हणजे काय, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नसे. त्या अक्षरांमागे हजारो रात्री होत्या. गावाचे नाव आडनावासारखे लावण्यातही एक करार आहे. फड फसवा निघाला, तर बदनामी एकट्या माणसाची नव्हे, गावाची. फलक छोटा, पण त्याला जामीन अख्खे गाव.

फलकाची आणखी एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. तो चालत्या माणसासाठी असतो. गाडीतून उतरलेला, उन्हाने डोळे बारीक केलेला माणूस रस्त्याच्या पलीकडून तो वाचतो. म्हणून अक्षर जाड, रंग दोनच, आणि गर्दी नाही. शाळेतल्या फळ्याचाही नियम हाच. शेवटच्या बाकावरच्या मुलाला दिसले नाही, ते फळ्यावर लिहिलेच नाही असे समजावे. नखाएवढ्या चित्राचे शास्त्र याहून वेगळे नाही. एकच आकृती घ्यावी, आणि ती केवळ सावलीवरूनही ओळखू यावी. उजेड आणि अंधार यांची फाळणी स्पष्ट असावी. खेळाचे नाव चित्रावर डकवलेले नसावे, चित्राचाच भाग व्हावे. आणि ते सर्वांत लहान आकारातही वाचता यावे. चित्र एकटे भिंतीवर लावून पाहू नये; इतर पन्नास चित्रांच्या गर्दीत ठेवून, हात लांब करून पाहावे. इतके सांगून होईपर्यंत नीतीचा प्रश्न येत नाही. तो येतो तेव्हा, जेव्हा आपण विचारतो, की ती एकच आकृती कोणाची असावी?

येथे कुणी म्हणेल, दर्शनी चित्राला एवढे इमान हवे कशाला? ज्या दिवाळी अंकात आपण हा लेख वाचीत आहात, त्याच्याच कुळाकडे पाहा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी घरे उजळून टाकली. पणती घेतलेली ती देखणी स्त्री आतल्या एकाही कथेत भेटत नसे. आत बेकारी असे, विधवेचे दुःख असे, एखादा कडवट समीक्षालेख असे. तरी आपल्याला फसवले, असे म्हणत एकही वाचक संपादकांच्या दारी गेल्याचे ऐकिवात नाही.

हे खरे आहे. पण याचे कारण असे, की ती स्त्री कथेचे वचन देतच नव्हती. ती सणाचे वचन देत होती, आणि सण तर आलेलाच होता. ते चित्र म्हणजे रांगोळी; शोभा. दुसरा प्रकार 'आवाज'च्या खिडकीचा. १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या या अंकाने कागदी खिडकीतून वाचकाला खुशाल चकवले. खिडकीवर दिसे एक, आणि ती उघडली की आत निघे भलतेच निष्पाप काही तरी. पण तेथे फसणे हाच खेळ होता, आणि वाचक पैसे मोजून फसायलाच येत असे. दोघांच्या संमतीने चाललेल्या लबाडीला लबाडी म्हणत नाहीत, थट्टा म्हणतात.

तिसरा प्रकार मात्र टोमॅटोच्या क्रेटचा. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात क्रेटच्या वरच्या थरात टपोरी लाल फळे आणि खाली किडकी, चेपलेली भरली, तर त्याला कुणी शोभाही म्हणत नाही आणि थट्टाही म्हणत नाही. वरचा थर हा खालच्या थरांविषयी दिलेला शब्द असतो. मुरलेला व्यापारी वरचे फळ पाहतच नाही. तळाशी हात घालतो. एकाने शब्द मोडला, की पुढे प्रत्येकाच्या क्रेटमध्ये हात घालून पाहिले जाते. खोट्या वरच्या थराचा दंड असा सगळ्या शिवाराला बसतो.

दुकानातले चित्र या तिघांपैकी कोणत्या जातीचे? मला शंका वाटत नाही. त्याच्यावर विसंबून गिऱ्हाईक पैसे देतो, आणि पैशांपेक्षा मोलाची अशी आपली संध्याकाळ देतो. म्हणून ते वरच्या थराचे फळ आहे. दुकानदारांनाही हे उमगले असावे. स्टीमने १ सप्टेंबर २०२२पासून नियम केला, की या चित्रांवर खेळाचे चित्र आणि नाव एवढेच असावे. समीक्षकांचे तारे, बक्षिसांची नावे, सवलतीची जाहिरात असले काही लिहू नये. शिवाय विकत घेऊन चौदा दिवस झाले नसतील आणि दोन तासांहून कमी खेळले असेल, तर तेथे पैसे परत मागता येतात. आमच्या पंचांना ही सोय कधी नव्हती. त्यांच्यापाशी एकच हत्यार होते, स्मरणशक्ती.

आता दुसरी बाजू. माझा विद्यार्थी खोटारडा नाही. तो दुबळा आहे, आणि दुबळ्याचा एक युक्तिवाद असतो तो झटकून टाकता येत नाही. मोठ्या कंपन्या जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओततात. त्यांच्यापैकीही काही जणांनी काय केले, हे जगाने पाहिले आहे. 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' या फोनवरच्या खेळांच्या जाहिरातींत जे कोडे दाखवले होते, ते खेळात जवळजवळ नव्हतेच. म्हणून २०२० साली ब्रिटनच्या जाहिरात नियंत्रकांनी त्या दोन जाहिरातींना मनाई केली. बलवानाने असे करावे आणि एकट्या पोराने रात्री जागून केलेला खेळ सत्याच्या पायरीवर बसून उपाशी मरावा, हा कुठला न्याय? शिवाय थोडी अतिशयोक्ती तर कलेचा प्राणच आहे. १९७७ साली बाजारात आलेल्या 'अटारी'च्या घरगुती यंत्राची आठवण घ्या. खोक्यावर रंगवलेली चित्रे भव्य असत: अवकाशयाने, ज्वाळा, वीरपुरुष. पडद्यावर दिसत चार चौकोन आणि एक हलता ठिपका. तरी त्या काळची मुले खोके समोर ठेवून खेळत, आणि ठिपक्यात यान पाहत.

हा युक्तिवाद मला पुष्कळ दिवस छळीत होता. त्यातून वाट दाखवली ती तमाशानेच. तमाशात देखावा नसतो. रिकाम्या फळ्यांवर सरदार येतो आणि म्हणतो, 'हा आमचा दरबार'. की झाला दरबार. सोंगाड्या एक फेरी मारतो आणि काशीला पोहोचतो. पाच हजार माणसे ते मान्य करतात. म्हणजे अतिशयोक्ती चालते, चालतेच नव्हे तर हवी असते. पण ती कसली? जे आहे ते मोठे करून सांगण्याची. फलकावर वगाचे नाव लावून रात्री मंचावर कीर्तन उभे केले, तर कीर्तन कितीही रसाळ असो, गाव राहुटीचे दोर कापील. आवाज चढवणे वेगळे आणि दुसऱ्याच्या आवाजात बोलणे वेगळे. अटारीच्या खोक्याने ठिपक्याला यान म्हटले; खेळणाऱ्याच्या मनातही ते यानच होते. त्याने आवाज चढवला. त्या फोनवरच्या जाहिराती दुसऱ्याच्याच आवाजात बोलत होत्या.

यावरून मला एक कसोटी सुचते. खेळ संपल्यावर खेळणाऱ्याने ते बोटभर चित्र पुन्हा पाहिले, तर ते त्याला अधिक खरे वाटते की कमी? चांगल्या कादंबरीचे शीर्षक असेच असते. वाचण्यापूर्वी ते नुसते कुतूहल जागवते; वाचून संपल्यावर त्याच शब्दांत सगळी कथा साठलेली दिसते. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, आणि शीर्षकासाठी महिना महिना अडून बसतो, ते याच लोभाने. जे चित्र खेळानंतर उणे पडते, त्याने गिऱ्हाईक मिळवले असेल, खेळणारा गमावला.

जबड्याचे चित्र या कसोटीला उतरत नव्हते. आत पिलांना घेऊन निघालेली आई, आणि बाहेर रक्त. पण या चित्रात आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला अधिक बोचली. आपण समजतो, की खोटा दर्शनी भाग फक्त घेणाऱ्याला फसवतो. ज्याचे चित्र काढले त्याचे काय? जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके म्हणजे जुन्नर वनविभाग. माणिकडोह, येडगाव, डिंभे अशी धरणे झाली, पाणी आले, ऊस आला, आणि उसाच्या दाट सावलीत बिबट्याने बिऱ्हाड केले. कित्येक पिढ्या आता उसातच जन्मल्या. आमच्याकडे बिबट्या ही गोष्टीतली वस्तू नाही. त्याने माणसे मारली आहेत. अंगणात खेळणारी लेकरेही नेली आहेत. ज्या घरातून मूल गेले, त्या घरापुढे हे रक्ताचे चित्र धरावयाचे आणि खाली विकण्याची किंमत लिहावयाची, हे मला सोसवेना. आणि दुसरीकडे तो जनावरही विहिरीत पडतो, पिंजऱ्यात सापडतो, माणिकडोहच्या निवारा केंद्रात उरलेले आयुष्य काढतो. लोक त्याच्याविषयी काय ठरवणार, हे ज्यांनी त्याला कधी पाहिले नाही त्यांच्या मनातल्या चित्रावरही अवलंबून असते. एक लाल जबडा त्या चित्रात भर घालतो. चित्र बोटभर असले, तरी ते दूरवर जाते; आणि ज्याच्याविषयी ते बोलते, त्याला उलट बोलता येत नाही. म्हणून तर बोलणाऱ्यावरची जबाबदारी वाढते.

हे सगळे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे खरं काढायचं आणि कुणी बघायचं नाही."

हा टोला मला बरोबर लागला, आणि येथेच या प्रश्नाचा गाभा आहे असे मला वाटते. आम्हा सज्जन म्हणवणाऱ्यांची एक खोड असते. खरे बोलल्यावर ते ऐकू जावे यासाठी कष्ट करणे आम्हाला कमीपणाचे वाटते. सत्य कसेही पुटपुटले तरी लोकांनी कान देऊन ऐकावे, अशी आमची अपेक्षा. खोटे मात्र बिचारे फार कष्टाळू. दाढी करून, कपडे बदलून, वेळेवर हजर! खरेपणा म्हणजे मळकटपणा नव्हे. विठाबाईंचा फड इमानी होता म्हणून फलकावर अक्षर पुसट नव्हते काढले. आपल्या कामाचे खरे चित्र नीट न काढणे हादेखील त्या कामावरचा अन्यायच आहे, आणि या अन्यायाला नम्रता म्हणण्यात अर्थ नाही. पुण्यातल्याच 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची कथा, पौराणिक भारताचा परिसर, हाताने रंगवल्यासारखी चित्रे. आपलेच रंग घेऊन ती मुलगी जगाच्या दुकानात उभी राहिली, आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळाच्या नामांकनांत जाऊन बसली. आपले खरे सांगूनही नजर वेधता येते. फक्त कष्ट दुप्पट.

मग आम्ही दोघांनी ते कष्ट केले. उसाच्या दोन काळ्या भिंती. मध्ये अरुंद वाट. वाटेत पाठमोरी मुलगी, हातात डबा, पुढे बॅटरीचा पिवळा झोत. चित्रातला सगळा उजेड तेवढाच. झोत जेथे संपतो, तेथे उसाची चार पाती वाकलेली. कशाने वाकली ते दिसत नाही. नाव त्या उजेडातच लिहिलेले. अंगठ्याच्या नखाएवढे केले, तरी मुलगी आणि झोत दिसत होते. पन्नास चित्रांच्या गर्दीत ठेवले. जबड्याइतके ते ओरडत नव्हते, हे खरे. पण आजूबाजूला सगळेच ओरडत असल्यामुळे गप्प असलेले ते एकटेच होते, आणि म्हणून नजर तेथे थांबत होती.

खेळ किती खपेल, हे मी सांगणार नाही; नीतीच्या गोष्टींच्या शेवटी खपाचे आकडे देऊन सत्याचा विजय सिद्ध करण्याची जुनी चाल मला पसंत नाही. सत्य पुष्कळदा खपत नाही. ते खपते म्हणून बोलायचे असेल, तर तो व्यापार झाला. आणि मग ज्या दिवशी खोटे अधिक खपेल, त्या दिवशी आपल्यापाशी कोणतेच उत्तर उरणार नाही. इमान राखावयाचे ते एवढ्यासाठी, की ज्याने आपल्या दारात पाऊल टाकले, त्याला परत जाताना उंबऱ्यावरची रांगोळी पाहून हसू यावे, चीड येऊ नये.

पणतीचेही असेच नाही का? तिचा उजेड हातभरच पडतो. पण तेवढ्या हातभर जागेत ती जे दाखवते, ते तेथे खरोखरच असते.